चक्रीवादळांच्या प्रदेशात राहायला जाण्याआधी जागा कशी तपासावी

कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाकडचं ग्रेनाडा बेट बरीच वर्षं वादळांच्या वाटेबाहेरचं समजलं जात होतं. १९५५ मध्ये जॅनेट हे वादळ येऊन गेलं, त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं तसा तडाखा बसला नाही. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन आलं आणि दहापैकी नऊ घरांचं नुकसान करून गेलं. जुलै २०२४ मध्ये बेरिलने त्याच देशाच्या कॅरियाकू बेटावरच्या बहुतेक सगळ्या इमारतींना फटका दिला.

म्हणून ‘त्या देशात वादळं येतात का?’ या प्रश्नाचं उत्तर मिळूनही हाती फारसं काही लागत नाही. विचारायचे प्रश्न चार आहेत. या ठिकाणी जोरदार वादळ साधारण किती वर्षांनी एकदा येतं? इथे पाणी किती वर चढू शकतं? या घराचं छप्पर नेमकं कशाने धरलेलं आहे? आणि वादळानंतर वीज-पाण्याशिवाय किती आठवडे काढता येतील? एकाच गावातल्या दोन प्लॉटची उत्तरं पूर्ण वेगळी निघू शकतात. पहिलं उत्तर घरबसल्या मिळतं, उरलेल्या तिघांसाठी जागेवर जावंच लागतं.

पायरी १: अक्षांश आणि मोसम

चक्रीवादळाला साधारण २६.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून उबदार समुद्र लागतो, तोही नुसता पृष्ठभागावर नव्हे तर सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत. शिवाय वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांत फार फरक नसावा लागतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला वळण मिळावं लागतं. हे वळण विषुववृत्ताजवळ जवळजवळ शून्य असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या ५ अंशांच्या पट्ट्यात चक्रीवादळं क्वचितच होतात. क्वचितच, पण होतात: डिसेंबर २००१ मध्ये सिंगापूरजवळ वामेई हे वादळ जेमतेम दीड अंश उत्तरेला तयार झालं.

हरिकेन, टायफून आणि सायक्लोन ही एकाच प्रकारच्या वादळाची प्रदेशाप्रमाणे बदलणारी नावं. मोसम मात्र वेगवेगळे, आणि राहायला जायचा महिना ठरवताना तेच महत्त्वाचे. अटलांटिक व कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यालगत १५ मेपासून नोव्हेंबरअखेर. वायव्य पॅसिफिकमध्ये, म्हणजे फिलिपिन्स, तैवान, व्हिएतनामकडे, वर्षभर केव्हाही, पण जास्त करून जुलै ते नोव्हेंबर. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रात पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. दक्षिण गोलार्धात मादागास्कर, मॉरिशस, फिजी, वानुआतू यांच्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल.

धोका खरोखर कमी असलेले प्रदेशही आहेत. सिंगापूर, मलेशिया व इंडोनेशियाचा बराचसा भाग, इक्वेडोर, पनामा, त्रिनिदाद, आणि व्हेनेझुएलासमोरची अरुबा, बोनेर, क्युरासाव ही बेटं त्यात येतात. कमी म्हणजे शून्य नव्हे: एप्रिल २०२१ मध्ये सेरोजा वादळाच्या पावसाने इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या बेटांवर आणि पूर्व तिमोरमध्ये दरडी कोसळून माणसं गेली. तरी फक्त वादळाची धास्ती असेल, तर या यादीतल्या जागा आधी बघाव्यात. भूकंप, ज्वालामुखी, पूर यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

पायरी २: इतिहास मोजा

अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या संकेतस्थळावर जुन्या वादळांच्या मार्गांचा नकाशा फुकट बघता येतो. जगभरातल्या नोंदींचा आयबीट्रॅक्स नावाचा संग्रहही तिथेच आहे. गावाचं नाव टाका, भोवती १०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि १९७० नंतरची वादळं मोजा. त्याआधी उपग्रहांची पुरेशी नजर नव्हती, समुद्रातली बरीच वादळं नोंदीतून निसटलेली आहेत. दोन आकडे काढा: ताशी ११९ किलोमीटर किंवा त्याहून जोराची किती, आणि १७८ च्या वरची किती.

समजा ५५ वर्षांत मोठी वादळं दोन निघाली, म्हणजे साधारण २७ वर्षांनी एक. हे ऐकायला निवांत वाटतं, म्हणून पुढचा हिशेब कराच. २५ वर्षांनी एकदा येणारं वादळ म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता, म्हणजे ते न येण्याची शक्यता ०.९६. तुम्ही तिथे २० वर्षं राहणार असाल तर ०.९६ चा विसावा घात घ्या, उत्तर येतं सुमारे ०.४४. म्हणजे त्या मुक्कामात निदान एकदा तरी मोठं वादळ अंगावर येण्याची शक्यता ५६ टक्के. दहा वर्षांनी एकदा येणारं असेल तर दहाच वर्षांत ६५ टक्के, आणि पन्नास वर्षांनी एकदा येणारं वीस वर्षांत ३३ टक्के. घर घेणाऱ्याने निर्णय या आकड्यावर घ्यावा, ‘गेल्या वीस वर्षांत काही झालं नाही’ या वाक्यावर नाही.

बेट लहान असेल तर शेजारच्या बेटांचेही आकडे काढा. अतिवेगवान वारा वादळाच्या डोळ्याभोवतीच्या, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीच्या, काही दहा-वीस किलोमीटरच्या कड्यात असतो. त्यामुळे एखादं बेट पन्नास वर्षं थोडक्यात वाचत आलेलं असू शकतं आणि शेजारचं तीनदा सापडलेलं. दोघांचा खरा धोका जवळजवळ सारखाच.

श्रेणी वाचताना सावध राहा. सॅफिर-सिम्प्सन मापनात एक मिनिटाच्या सरासरी वेगावर पाच श्रेणी ठरतात: पहिली ताशी ११९ किलोमीटरपासून, दुसरी १५४, तिसरी १७८, चौथी २०९ आणि पाचवी २५२ पासून. जपानची हवामान संस्था दहा मिनिटांची सरासरी घेते, भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची. तेच वादळ दहा मिनिटांच्या सरासरीत थोडं सौम्य दिसतं. ऑस्ट्रेलिया आणि फिजीत चालणाऱ्या पाच श्रेणी तर वेगळ्याच मापाच्या आहेत. म्हणून श्रेणी बाजूला ठेवून वेगाचा आकडा घ्या. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १२० च्या जागी २४० झाला की घरावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो.

आणि ‘वादळ येताना दिसेल, मग ठरवू’ यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस चोवीस तासांच्या आत साध्या वादळाचं पाचव्या श्रेणीचं झालं आणि रात्री मेक्सिकोतल्या अकापुल्कोवर आदळलं.

पायरी ३: पाणी

बातम्यांत वारा दिसतो, पण इतिहासातले सगळ्यात मोठे मृत्यूंचे आकडे पाण्याचे आहेत. वादळ समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे ढकलतं आणि पातळी काही तासांत मीटर-मीटरने वर येते. या वादळी उधाणाची उंची वाऱ्याइतकीच समुद्रतळाच्या उतारावर अवलंबून असते. तळ उथळ आणि लांबवर सपाट असेल, किंवा आखात नसराळ्यासारखं अरुंद होत गेलेलं असेल, तर पाणी साचत वर चढतं. खोल समुद्रातून उभ्या राहिलेल्या ज्वालामुखीच्या बेटांवर उधाण कमी, पण लाटांचा मारा जबर. १९७० च्या भोला वादळात गंगेच्या त्रिभुज प्रदेशात तीन लाखांवर माणसं गेली ती याच पाण्याने. २००५ चं कॅटरिना किनाऱ्यावर आलं तेव्हा तिसऱ्या श्रेणीचं होतं, तरी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी साडेआठ मीटरच्या आसपास चढलं.

म्हणून प्लॉटची उंची काढायची. फोनमधल्या जीपीएसवर किंवा इंटरनेटवरच्या उंचीच्या नकाशावर भरवसा ठेवू नका. उपग्रहावरून बनवलेले नकाशे कित्येकदा झाडांचे शेंडे आणि छपरं जमीन म्हणून मोजतात, आणि काही मीटरची चूक सहज असते. आठ मीटर दिसणारी जागा प्रत्यक्षात चार मीटर निघाली, तर सगळा निर्णयच फिरतो. परवानाधारक सर्व्हेअरकडून लेव्हल काढून घ्या आणि उंची कोणत्या पातळीपासून मोजली ते लिहून मागा. जमिनीची नव्हे, घराच्या जोत्याची उंची हवी. शिवाय त्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या वाटेवरचा सगळ्यात सखल भागही मोजून घ्या. घर उंचावर आणि एकुलता पूल खाली असेल, तर पाणी चढायच्या कितीतरी आधी निघावं लागेल.

उथळ किनाऱ्यावर जोतं भरतीच्या रेषेपासून ६ मीटरपेक्षा कमी उंचीवर असेल तर ती जागा आम्ही कायमच्या राहण्यासाठी सुचवणार नाही. ज्याला ती घ्यायचीच आहे त्याने प्रत्येक इशाऱ्याला घर सोडून जायची तयारी ठेवावी. कारण वाऱ्यापासून आडोसा घेता येतो, पाण्यापासून फक्त दूर जाता येतं. गुडघ्याच्या खालचं, वीतभर पण जोराने वाहणारं पाणीही माणसाला पाडतं आणि फूटभर पाणी छोटी मोटार वाहून नेतं.

जागेवर गेल्यावर जुन्या इमारतींच्या भिंतींवर पाण्याच्या खुणा शोधा, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, आणि समोर खारफुटी आणि प्रवाळाची रांग शाबूत आहे का बघा. दृश्यासाठी खारफुटी साफ केलेला समुद्रकिनारी प्लॉट सुंदर दिसतो, पण लाटा मोडणारं पहिलं कुंपणच तिथे गेलेलं असतं.

समुद्रापासून दूर गेलं की पावसाचा धोका सुरू होतो, आणि पावसाचा श्रेणीशी संबंध नसतो. किती पडणार हे वादळ किती सावकाश सरकतं आणि डोंगर कसे आहेत यावर ठरतं. १९९८ चं मिच किनाऱ्यावर येईपर्यंत मंदावलं होतं, तरी होंडुरास आणि निकाराग्वात पूर व दरडींनी हजारो माणसं गेली. २००७ मध्ये गामेड वादळात रेयुनियन बेटाच्या डोंगरात तीन दिवसांत ३,९३० मिलिमीटर पाऊस पडला, आणि तेव्हा वादळाचा डोळा बेटावर आलासुद्धा नव्हता.

डोंगरउतारावरचं घर बघताना पुढच्या खुणा शोधा: बुंध्याशी वाकून वर सरळ झालेली झाडं, जमिनीत उताराला आडव्या भेगा, पोट पुढे आलेली संरक्षक भिंत, त्या भिंतीत पाणी निघायला भोकं नसणं, आणि कोरड्या महिन्यातही ओल धरणारा भाग. उतार कापून अर्धं घर कापलेल्या जमिनीवर आणि अर्धं भरावावर बसवलेलं असेल, तर भरावाची बाजू पावसात आधी खचते. ओढा डोंगरातून सपाटीवर येतो तिथली पंख्यासारखी पसरलेली जमीन म्हणजे आधीच्या लोंढ्यांनी आणून टाकलेला गाळ आहे. तिथे घर नको. अगदी माथ्यावरही नको, कारण कड्यावरून चढताना वाऱ्याचा वेग वाढतो. समुद्रापासून आत, ओढ्यापासून लांब, माथ्याच्या खाली आणि सौम्य उतारावर, अशी जागा मिळाली तर दृश्य थोडं कमी असलं तरी चालेल.

पायरी ४: टॉर्च घेऊन छपराखाली जा

वारा छप्पर खाली दाबत नाही, वर ओढतो. सगळ्यात जास्त ओढ कोपऱ्यांना, कडांना आणि आढ्याला लागते. म्हणून पत्र्यापासून पायापर्यंत प्रत्येक सांधा वरच्या ओढीला टिकणारा हवा: पत्रा पट्ट्यांना, पट्ट्या वाशांना, वासे भिंतीवरच्या लाकडी पाटाला, पाट काँक्रीटच्या रिंग बीमला, बीम खांबांना, आणि खांब पायाला. यातला एक सांधा कच्चा असेल तर बाकीच्यांची मजबुती वाया जाते.

शिडी लावा, माळ्यावर चढा आणि वासा जिथे भिंतीवर टेकतो तिथे टॉर्च मारा. वाशावरून वळसा घालून दोन्ही बाजूंनी पाटाला ठोकलेली जस्ताची पट्टी दिसायला हवी, आणि ती प्रत्येक वाशाला हवी, एकाआड एक नाही. नुसते तिरके ठोकलेले खिळे दिसले तर ते छप्पर स्वतःच्या वजनावर बसलेलं आहे. ओढ लागली की खिळे सरळ उपसून येतात. पट्टीला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून बघा. समुद्राजवळ साधं जस्त काही वर्षांत गंजतं आणि वरून रंग दिलेला असला की कळत नाही. टोक आत शिरलं तर ती पट्टी नसल्यासारखीच. किनाऱ्यावर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस पट्ट्या आणि स्क्रू हवेत.

आकार म्हणाल तर चौपाखी छप्पर दुपाखीपेक्षा चांगलं, कारण दुपाखीच्या त्रिकोणी भिंतीवर वारा थेट आदळतो आणि ती पडली की छप्पर मागोमाग जातं. उतार २० ते ४० अंशांच्या दरम्यान असावा. सपाट पत्र्याला ओढ जास्त लागते. भिंतीबाहेर आलेली वळचण ४५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. व्हरांड्याचं छप्पर मुख्य छपराला जोडलेलं नसावं. व्हरांडा गेला तर जाऊ दे, पण जाताना त्याने घराचं छप्पर सोलून नेता कामा नये.

पत्रा २४ गेजचा असावा. स्क्रू वॉशरसकट, पन्हळीच्या उंचवट्यातून मारलेले हवेत. कडेला, आढ्याला आणि कोपऱ्यांना प्रत्येक पन्हळीवर, मधल्या भागात एकाआड एक. खिळे असतील तर बदलायचा खर्च धरा. हे काम चांगल्या सुताराला काही दिवसांत होतं आणि घरावर करता येण्याजोग्या सगळ्या खर्चांत आमच्या मते याची किंमत सगळ्यात जास्त वसूल होते.

मग खिडक्या. एक मोठी खिडकी फुटली की वारा आत शिरून छताला आतून वर ढकलतो. बाहेरून ओढ आणि आतून ढकल मिळून छप्पर जातं. म्हणून शटर ही काच वाचवायची सोय कमी आणि छप्पर वाचवायची जास्त. कायमची अॅल्युमिनियमची शटर उत्तम. नाहीतर १६ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड, आधीच मापात कापून, प्रत्येकावर खिडकीचा नंबर टाकून ठेवलेलं, आणि भिंतीत किंवा चौकटीत साधारण ३० सेंटिमीटरवर बसवलेले बोल्ट. काचेवर चिकटपट्टीची फुली मारणं निरुपयोगी आहे. काच तरीही फुटते, फक्त तुकडे मोठे आणि अणकुचीदार पडतात. ‘वादळी काच’ लावली आहे असं विकणारा म्हणाला तर प्रमाणपत्र मागा. १९९२ च्या अँड्रू वादळानंतर फ्लोरिडातल्या मायामी-डेड परगण्याने घातलेल्या चाचणीत सुमारे ४ किलोचं लाकूड सेकंदाला १५ मीटर वेगाने काचेवर मारतात. तितकी परीक्षा पास झालेली काच तडकते, पण चौकटीत टिकून राहते. गॅरेजचं रुंद दार हा बहुतेक घरांतला विसरलेला कमकुवत भाग. त्याला आतून आडव्या पट्ट्या हव्यात.

स्लॅबच्या घराला छपराची काळजी कमी. तिथे काँक्रीट ब्लॉकच्या पोकळीत उभ्या सळया आणि काँक्रीट भरलेलं आहे का ते विचारा, आणि स्लॅबच्या खालच्या बाजूला गंजाचे तपकिरी डाग किंवा सुटलेली खपली शोधा.

उंच इमारतीतला फ्लॅट घ्यायचा तर वरच्या मजल्यांवर वारा जास्त असतो हे लक्षात ठेवा. ओटिसनंतर अकापुल्कोत उंच हॉटेलांचे सांगाडे उभे राहिले, पण काचा आणि बाहेरच्या भिंती निघून गेल्या. जनरेटर, पाण्याचा पंप आणि विजेचा मुख्य बोर्ड तळघरात असेल तर पहिल्याच पुरात लिफ्ट आणि पाणी बंद.

शेवटी घराच्या बांधकामाचा नकाशा मागा आणि त्यावर डिझाइनचा वाऱ्याचा वेग लिहिलेला आहे का बघा. नसेल तर स्वतः नेमलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या, विकणाऱ्याने सुचवलेल्याकडून नको.

पायरी ५: नंतरचे आठवडे

सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळ पोर्तो रिकोवरून गेलं. शेवटच्या घरांपर्यंत वीज पोहोचायला जवळपास अकरा महिने लागले, आणि पुढच्या सहा महिन्यांतल्या जादा मृत्यूंचा अधिकृतपणे स्वीकारलेला अंदाज २,९७५ आहे. त्यातले बरेच मृत्यू वादळाच्या रात्री झालेले नाहीत. वीज नाही, रस्ता नाही, औषध नाही, डायलिसिस नाही, यातून झाले. ज्यांना इन्सुलिन, ऑक्सिजन किंवा डायलिसिस लागतं त्यांनी घर बघण्याआधी जवळचं रुग्णालय, त्याचा जनरेटर आणि तिथवरचा रस्ता बघावा. लहान बेटावर एकच रुग्णालय आणि एकच विमानतळ असेल, तर अशांना मोसमात बेटाबाहेर राहणं हाच खरा उपाय.

बाकीच्यांनी दोन आठवडे कोणाच्याही मदतीशिवाय काढायची तयारी धरावी. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज ४ लिटर पाणी. चार माणसांना चौदा दिवसांचे २२४ लिटर. धुण्या-अंघोळीचं पाणी वेगळं. पाणी निर्जंतुक करायला ५ ते ६ टक्क्यांचं, सुगंध नसलेलं घरगुती ब्लीच लिटरला २ थेंब, गढूळ असेल तर ४. ढवळून अर्धा तास ठेवा. छपराचं पाणी टाकीत जात असेल तर वादळाआधी पन्हळीचा पाइप काढून ठेवा, नाहीतर खारा फवारा आणि घाण टाकीतल्या चांगल्या पाण्यात जाते. वरच्या आणि जमिनीखालच्या दोन्ही टाक्या भरून ठेवा. रिकामी वरची टाकी उडते आणि रिकामी खालची जमिनीतल्या पाण्याने वर उचलली जाते.

सोलर पॅनेल आहेत म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी: नुसत्या ग्रिडला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडते. भर उन्हातही दिवा लागत नाही. बॅटरी आणि ग्रिडपासून तुटून चालणारा इन्व्हर्टर हवा.

जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर दूर. व्हरांड्यात किंवा गॅरेजमध्ये चालवलेल्या जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने दर मोठ्या वादळानंतर माणसं दगावतात. घराच्या वायरिंगला जोडायचा तर चेंजओव्हर स्विच लावूनच, नाहीतर उलटी गेलेली वीज तारेवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. फ्रीज बंद ठेवला तर चार तास गार राहतो, गच्च भरलेला डीप फ्रीजर सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास.

एटीएम आणि कार्ड चालणार नाहीत, म्हणून लहान नोटांत रोख ठेवा. मोबाइलचे टॉवर गेले तरी बॅटरीवरचा रेडिओ चालतो.

पायरी ६: विमा, सौदा होण्याआधी

विम्याचं कोटेशन हातात आल्याशिवाय घराचं टोकन देऊ नका. कंपनीने नकार दिला किंवा हप्ता अवाच्या सवा सांगितला, तर त्या जागेबद्दल तज्ज्ञाने दिलेलं ते फुकटचं मत आहे असं समजा.

पॉलिसीत चार गोष्टी वाचा. पहिली, पूर आणि समुद्राचं पाणी झाकलेलं आहे का. अनेक पॉलिसींत वाऱ्याचं नुकसान मिळतं, पाण्याचं नाही, आणि मग नुकसान नेमकं कशाने झालं यावर वाद होतो. दुसरी, वादळासाठीची वजावट, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा भाग. ती नुकसानीच्या नाही तर विम्याच्या पूर्ण रकमेच्या टक्क्यांत असते, बऱ्याचदा २ ते ५ टक्के. विमा १०० चा, वजावट २ टक्के आणि नुकसान ३ चं झालं, तर हाती येतो १. तिसरी, कमी विम्याचं कलम. घर नव्याने बांधायला १०० लागणार आणि विमा ६० चा काढलेला, तर ३० च्या नुकसानीवर १८ च मंजूर होतात आणि त्यातून वजावट जाते. म्हणून रक्कम बाजारभावावर नाही, पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरवा. चौथी, घर राहण्याजोगं नसताना भाड्याचा खर्च मिळतो का. वादळ समुद्रात दिसू लागलं की नवी पॉलिसी देणं कंपन्या थांबवतात, तेव्हा हे काम मोसमाआधीच उरकावं लागतं.

पायरी ७: आधी एक मोसम भाड्याने

घर विकणारे कोरड्या, सुंदर महिन्यांत दाखवतात. तुम्ही मात्र ऐन मोसमात भाड्याने राहा. छप्पर गळतं का, रस्ता कितीदा बंद पडतो, वीज किती वेळ जाते, इशारा आल्यावर शेजारी काय करतात, हे एका मोसमात कळतं. भाडेकरारात तीन गोष्टी लिहून घ्या: शटर कोण लावणार, घर निकामी झालं तर भाडं थांबणार का, आणि दुरुस्ती किती दिवसांत. परदेशी नागरिक असाल तर आपल्या दूतावासाकडे नाव नोंदवा आणि परवान्यांच्या, पासपोर्टच्या, घराच्या कागदांच्या प्रती देशाबाहेर कोणाकडे तरी ठेवा.

पायरी ८: इशारा आल्यानंतरचे तास

अंदाजाच्या नकाशावरचा शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. तो फक्त केंद्र कुठून जाण्याची शक्यता आहे ते दाखवतो, आणि तीनातून एकदा केंद्र त्याच्या बाहेरून जातं. शंकूबाहेर आहात म्हणून सुटलात असं नाही. उत्तर गोलार्धात वादळाच्या वाटेच्या उजव्या बाजूला वारा आणि उधाण जास्त, दक्षिण गोलार्धात डाव्या.

पाच दिवस आधी: इंधन, औषधं, रोख रक्कम; जायचं कुठे ते ठरवणं. तीन दिवस आधी: अंगणातल्या खुर्च्या, कुंड्या, सैल पत्रे आत, सखल जागेत राहणाऱ्यांनी याच वेळी निघायची तयारी करावी, कारण नंतर विमानं आणि बोटी बंद होतात. दोन दिवस आधी: शटर, टाक्या, घराचे आतून-बाहेरून फोटो. छत्तीस तास आधी: निघायचं असेल तर निघा. त्यानंतर वारा इतका वाढतो की शिडीवर चढून काही करणं धोक्याचं.

थांबायचं ठरलं, आणि जागा पाण्याच्या वर असेल तरच थांबायचं, तर खिडकी नसलेली आतली लहान खोली निवडा. पायात बूट घालून बसा. डोळा वरून जाताना वारा अचानक पडतो आणि आकाश मोकळं होतं. बाहेर पडू नका. काही मिनिटांनी, कधी तासाभराने, उलट दिशेचा वारा पूर्ण जोराने येतो.

ओसरल्यावर खाली पडलेल्या प्रत्येक तारेत वीज आहे असं धरून चाला. पाणी शिरलेल्या घराचा मुख्य स्विच इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत चालू करू नका. पुराच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून गमबूट घाला, जखमा झाका, आणि नंतरच्या एक-दोन आठवड्यांत ताप व पोटऱ्यांचं दुखणं आलं तर डॉक्टरांना पुरात उतरल्याचं सांगा. छपरावर चढून ताडपत्री लावण्याआधी सगळं नुकसान आणि भिंतीवरची पाण्याची रेषा मोजपट्टीसकट फोटोत घ्या, आणि खराब झालेलं सामान विमा कंपनीचा माणूस बघून जाईपर्यंत टाकू नका. फेकावंच लागलं तर प्रत्येक कार्पेटचा, गादीचा तुकडा कापून ठेवा.